लोकसंग्रह म्हणजे ओळखीपाळखी नव्हेत

'त्यांचा लोकसंग्रह दांडगा होता' हे वाक्य बरोबर आहे का, आणि गीतेतला लोकसंग्रह तो हाच का, असा प्रश्न आलाय.

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, मानपत्रात, शोकसभेत हा शब्द ऐकून कान किटले. ज्यांना 'ओळखी खूप होत्या' एवढंच म्हणायचंय त्यांच्यासाठी 'गोतावळा' आहे, 'जनसंपर्क' आहे, 'माणसं जोडून होते' आहे. तिकिटांचा संग्रह तसा माणसांचा, ही समजूतच मुळात चुकीची.

गीतेत हा शब्द दोनदाच येतो, तिसऱ्या अध्यायात, २० आणि २५ या श्लोकांत. विसाव्याला लागूनच 'यद्यदाचरति श्रेष्ठः' आहे: थोर माणूस जे करतो तेच बाकीचे करतात. शंकराचार्य लोकसंग्रहाचा अर्थ 'उन्मार्गप्रवृत्तिनिवारणम्' असा देतात, म्हणजे लोकांना आडवाटेला जाऊ न देणं. यात कुणाला गोळा करणं कुठे आहे?

आता व्युत्पत्ती. 'संग्रह'मधला ग्रह् म्हणजे धरणं. आपलं 'घेणं' याच धातूचं, प्राकृत 'गेण्हइ'मधून आलेलं. पण खरी मौज वेदांमध्ये आहे. राजसूय यज्ञात, म्हणजे राज्याभिषेकाच्या यज्ञात, राजा ज्या 'रत्नी' मंडळींच्या, म्हणजे दरबारातल्या प्रमुखांच्या, घरी जाऊन हवन करतो, त्यांत एक 'संग्रहीतृ' असतो. संग्रहीतृ म्हणजे लगाम धरणारा, सारथी! वेदांवर भाष्य लिहिणाऱ्या सायणाचार्यांनी काही ठिकाणी त्याचा खजिनदार केलाय. इतक्या मोठ्या भाष्यकारानेही 'संग्रह' दिसताच साठाच आठवावा, याचं मला फार वाईट वाटतं. शतपथ ब्राह्मण हा यज्ञविधी सांगणारा वैदिक ग्रंथ संग्रहीतृच्या घरी अश्विनांना, म्हणजे जुळ्या देवांना, पुरोडाश (हवनाची भाकरी) का, ते स्वतःच सांगतो: अश्विनांची जशी जोडी, तशी एका रथावर उभ्या असलेल्या योद्ध्याची आणि सारथ्याची. खजिनदार रथावर कशाला चढेल?

म्हणून माझं ठाम मत आहे की लोकसंग्रहात लगामाची ओढ आहे. कोशांत हे असं मिळणार नाही, पण गीतेचा तो तिसरा अध्याय उघडून बघा. सोळाव्या श्लोकात 'प्रवर्तितं चक्रम्', फिरतं चाक. एकविसाव्यात 'अनुवर्तते', तेविसाव्यात 'मम वर्त्मानुवर्तन्ते'. वर्त्म म्हणजे वाट, चाकाची चाकोरीसुद्धा. आणि 'प्रवर्तितं', 'अनुवर्तते', 'वर्त्म' यांतला धातू वृत् म्हणजे फिरणं, वळणं. पुढच्या रथाच्या चाकोरीतून मागची चाकं जातात, तसे लोक मागून येतात. आणि हे सांगणारा घोड्यांचे लगाम हातात धरून रथावर आहे! कठोपनिषदातही बुद्धी सारथी आणि मन 'प्रग्रह', म्हणजे लगाम. तोच ग्रह्.

ज्ञानेश्वरांनी मात्र रथ सोडून पायवाट धरली:

मार्गीं अंधासरिसा । पुढें देखणाही चाले जैसा ।
अज्ञाना प्रकटावा धर्मु तैसा । आचरोनी ॥

डोळस माणूस आंधळ्याच्या पुढे चालतो, पण 'अंधासरिसा', त्याच्या बरोबरीने, त्याच्याच चालीने. झपझप पुढे निघून गेला तर मागच्याच्या हाती काहीच उरत नाही. सारथीही घोडे उधळू देत नाही. हे 'सरिसा' वाचताना मी दर वेळी थबकतो.

तर शोकसभेत 'माणसं जोडून होते' म्हणा. आणि ज्यांना पाहून गावातल्या चारजणांनी दारू सोडली किंवा मुलीला पुढे शिकवलं, अशा माणसाबद्दल बोलताना लोकसंग्रह खुशाल वापरा, मग त्यांच्या ओळखी दहाच का असेनात.