सलाईनची सुई कमी दुखावी म्हणून

पुढच्या आठवड्यात पित्ताशयाचं ऑपरेशन, आणि आई ऑपरेशनपेक्षा सलाईनच्या सुईलाच जास्त घाबरतात, असं तुम्ही लिहिलंय. मी भूलतज्ज्ञ आहे. असे पेशंट नेहमीच भेटतात, त्यामुळे त्यांना हसू नका.

बधिर करणारी क्रीम मिळते. त्यात लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही बधिर करणारी औषधं प्रत्येकी २.५ टक्के असतात. गुण चांगला येतो, पण फुकट जाते ती वेळेमुळे. ऑपरेशन थिएटरच्या दारात लावून काही होत नाही. जाडसर थर द्यायचा, चोळायचा नाही, वर पारदर्शक पट्टी लावायची आणि किमान ६० मिनिटं ठेवायची. दीड-दोन तास मिळाले तर उत्तमच. म्हणून आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हाच विषय काढा, शीर पेनने खुणावून घ्या आणि क्रीम केसपेपरवर लिहून घ्या. नाहीतर सकाळच्या गडबडीत वॉर्डात कोणी लावणार नाही. दोन जागी लावा, पहिली शीर हुकली तर दुसरी तयार असते. क्रीमने कातडी पांढरी पडते, शीर थोडी आकसते. सुईच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पुसून हात उबदार ठेवला की पुन्हा वर येते. (तान्ह्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही क्रीम लावू नये.)

वेळच नसेल तर इन्सुलिनच्या बारीक सुईने कातडीत लिग्नोकेनचा थेंबभर फुगा देता येतो. दोन क्षण चुरचुरतं. हिरव्या, म्हणजे जाड १८ नंबरच्या इंट्राकॅथला (सलाईनसाठी शिरेत घालायची सुई-नळी) मी तो देतेच. निळ्या, बारीक २२ नंबरला सहसा देत नाही. एकाऐवजी दोनदा टोचल्याचंच काहींना जास्त वाईट वाटतं.

बाकी छोट्या गोष्टी. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, ओलं असताना टोचलं की झोंबतं. टोचताना आईंना खोकायला सांगा, साधी युक्ती आहे पण बऱ्याच जणांना फरक पडतो. मनगटाजवळची जागा नको, तिथे जास्त दुखतं. उपाशी म्हणजे पाणीही बंद, असं धरून बसू नका. बहुतेकांना ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, आणि शिराही भरलेल्या राहतात. पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आईंना हेही सांगा की सुई लगेच बाहेर निघते, आत फक्त मऊ नळी राहते. अनेकांना वाटतं, दिवसभर सुई हातात रुतून असते. नंतर तिथे जळजळ किंवा सूज आली तर सिस्टरना लगेच बोलवा, जागा बदलून देतील.