चार वर्तुळं बाजूला ठेव

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला, सोबतची आकृतीही पाहिली. आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते आणि ज्याचे पैसे मिळतात ते, अशी चार वर्तुळं. चारही जिथे एकमेकांत शिरतात तिथे म्हणे तुझं इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण, आणि नेमकं तिथेच तू मोठं प्रश्नचिन्ह काढलंयस. आधी एक सांगते, ही आकृती जपानी नाहीच. ती मुळात आंद्रेस सुसुनागा नावाच्या स्पॅनिश ज्योतिषाची. त्याने मधोमध ‘उद्देश’ असं लिहिलं होतं. २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या ब्लॉगलेखकाने तो शब्द काढून तिथे ‘इकिगाई’ बसवलं, आणि आकृती जपानी शहाणपण म्हणून जगभर फिरू लागली. पोटापाण्याचं काम आणि जगण्याचं कारण एकच असलं पाहिजे, ही अट काही जपान्यांनी घातलेली नाही.

जपानमध्ये या विषयाचं नाव निघालं की मिएको कामियांचं नाव निघतंच. या मानसोपचारतज्ज्ञ. १९६६ मध्ये त्यांचं इकिगाईवरचं पुस्तक आलं. त्याचा बराचसा आधार म्हणजे नागाशिमा बेटावरची कुष्ठरुग्णांची वसाहत, ओकायामाजवळची. तिथे त्यांना एक कोडं पडलं. आजार तोच, कुंपण तेच, जेवणही तेच. तरी काही जण नुसते दिवस ढकलत होते, आणि काही जण, त्यातले कित्येक जास्त आजारी, भरभरून जगत होते. हे कसं?

त्याच वसाहतीत १९५३ मध्ये अंध रुग्णांनी एक माउथऑर्गन वादकांचं पथक उभं केलं. नाव ‘निळा पक्षी’. बोटांची संवेदना गेलेली, म्हणून ब्रेलमधली स्वरलिपी हाताने वाचता येत नव्हती. मग त्यांच्यातले काही जण ती जिभेने वाचायला शिकले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. तुझ्या आकृतीत यांना बसवून बघ. पैशांचं वर्तुळ रिकामं. जमण्याचं वर्तुळ तर सुरुवातीला साफ कोरं. जगाला गरज होती म्हणावं, तर जगाने त्यांना पाण्यापलीकडे नेऊन टाकलेलं. पण उद्या सकाळी तालीम असायची, शेजारचा सूर धरून बसलेला असायचा, आणि आज न जमलेली ओळ उद्या जमण्याची शक्यता असायची.

माणसाला जगण्यात नेमकं काय लागतं, हे कामियांनी मांडलं त्यात याच गोष्टी येतात: पुढे काहीतरी असणं, बदल होत राहणं, आणि आपण हाक दिली तर कुणीतरी ओ देणं. मला यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडे आनंदवन पाहून आलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

स्वतः कामियांचं आयुष्यही सरळ रेषेत गेलं नाही. तरुणपणी एका कुष्ठरुग्णालयात त्या प्रार्थनेला ऑर्गन वाजवायला गेल्या आणि तिथेच ठरवलं, आपलं काम हेच. घरच्यांचा विरोध. मग क्षयरोग. वैद्यकीय शिक्षण झालं ते युद्धाच्या धामधुमीत, आणि पुढे संसार, दोन मुलं, घर चालवायला परक्या भाषांच्या शिकवण्या. नागाशिमाचं काम नियमित सुरू झालं ते १९५७ मध्ये, चाळिशी उलटल्यावर. तुला आत्ता कितवं वर्ष चालू आहे?

तू पाठवलेल्या दुव्यातला अभ्यासही वाचला. तोहोकु विद्यापीठाने ओसाकी भागातल्या ४३,३९१ लोकांचा सात वर्षं मागोवा घेतला. इकिगाई आहे म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. छान आहे. पण मुळात धडधाकट माणसाला जगण्यात रस वाटणं सोपं जातं, हेही विसरू नकोस. आयुष्य वाढावं म्हणून कुणी इकिगाई शोधायला निघालं तर मला हसूच येईल.

एका बाबतीत मात्र सावध राहा. नागाशिमावरची माणसं तिथे हौसेने गेली नव्हती. त्यांना डांबलेलं होतं. गुण देणारी औषधं आली तरी डांबण्याचा कायदा रद्द व्हायला १९९६ उजाडलं. चिंचोळ्या खाडीवर पूल झाला तोही १९८८ मध्ये. या सक्तीविरुद्ध कामिया पुरेशा बोलल्या नाहीत अशी टीका पुढे झाली, आणि मला ती रास्त वाटते. माणसाने तुरुंगात गाणं शोधलं म्हणून तुरुंग चांगला ठरत नाही. तेव्हा तुझा साहेब रात्री अकराला फोन करून काम सांगतो, त्यात अर्थ वगैरे शोधत बसू नकोस. तिथे भांडायचं असतं.

आता तुझ्याबद्दल. मेलच्या शेवटी तू एक गोष्ट घाईत उरकलीयस: खालच्या मजल्यावरची दोन पोरं शनिवारी अपूर्णांक शिकायला येतात, आणि गेल्या आठवड्यात तुला यायला उशीर झाला तर जिन्यात बसून होती. अडीच पानांच्या मेलमध्ये त्याला जेमतेम दोन ओळी. मला विचारशील तर बाकीचा मेल त्या दोन ओळींपुढे फिका आहे. लगेच त्याचा क्लास काढू नकोस, फी ठरवू नकोस, आणि ‘हेच माझं इकिगाई’ असं जाहीरही करू नकोस. नोकरी मार्चपर्यंत तरी सोडू नकोस, घराचे हप्ते आहेत. फक्त शनिवारच्या मीटिंगला या महिन्यापासून ‘नाही’ म्हण, आणि त्या पोरांचं दशांश अपूर्णांकांपाशी नेमकं काय अडतंय ते मला लिही. माझ्याकडे सहावी-सातवीची जुनी टिपणं पडून आहेत, पत्ता कळवलास की पाठवते.