मुंबईच्या उकाड्यात हॅमस्टर
क्रॉफर्ड मार्केटला दुकानदार हॅमस्टरची, म्हणजे उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याची, जोडी गळ्यात मारू पाहील. सीरियन हॅमस्टर असेल तर एकच घ्या. हा सीरियातल्या अलेप्पो शहराकडचा एकांडा प्राणी, वयात आले की एकमेकांना फाडतात. तिथे तो अर्ध्या मीटरहून खोल, गार बिळात दिवस काढतो. म्हणून त्याला ठेवायच्या टाकीत किमान 20 सेंमी कागदाचा चुरा भरा. कापूस नको, पायाला गुंडाळतो. चाक 28 सेंमीचं, सलग पृष्ठभागाचं; जाळीत पाय अडकतो.

खरी परीक्षा मे महिन्यात. पारा 30 वर गेला की आत फरशीचा गार तुकडा ठेवा, पंख्याचा झोत अंगावर नको. पावसाळ्यात त्याने लपवलेलं ओलं खाणं रोज काढा, लगेच बुरशी धरते. शेपटीखाली ओलं दिसलं तर त्याच दिवशी प्राण्यांचा डॉक्टर गाठा.