गाडी लागणाऱ्या माणसाने पहिली क्रूझ कशी निवडावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घाटात आणि बसच्या मागच्या सीटवर तुम्हाला हमखास गाडी लागते, घरच्यांनी क्रूझचा बेत काढलाय, तीन रात्रींची आणि सात रात्रींची अशा दोन सहली समोर आहेत आणि मुळात जावं की नाही हेच ठरत नाहीये.

जा. पण पैसे भरायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी नकाशा घेऊन बसा. मलाही लहानपणापासून गाडी लागते. आजवर चार क्रूझ केल्या. पहिलीवर दोन दिवस आडवी होते, पुढच्या तिन्हींवर एकदाही उलटी झाली नाही. शरीर तेच होतं, बुकिंग वेगळं होतं.

पहिल्या वेळी मी फोटो बघून बोट पसंत केली. केबिन स्वतः न निवडता ‘कंपनी देईल ती’ घेतली तर भाडं कमी पडत होतं, म्हणून तसं केलं. केबिन मिळाली वरच्या डेकवर, अगदी नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला. दुसऱ्या रात्री वारा सुटला. कपाटातले रिकामे हँगर एकमेकांवर आपटायला लागले, टक् टक्, जरा शांतता, परत टक् टक्. पडदा आपोआप काचेपासून सुटून आत यायचा आणि परत जाऊन चिकटायचा. पलंग खालून उचलला जायचा, क्षणभर थांबायचा आणि मग पोट वरच सोडून खाली जायचा. हँगर काढून मी गादीवर ठेवले. गोळी घेतली तोवर फार उशीर झाला होता, वीस मिनिटांत ती बाहेर पडली.

सकाळी खोली आवरायला आलेल्या कर्मचाऱ्याने माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, इथे पडून राहू नका, खाली मधल्या लॉबीत जाऊन बसा. भिंतीचा कठडा धरत धरत गेले आणि जिन्याजवळच्या खुर्चीत बसले. बोट तीच, समुद्र तोच, लाटा तितक्याच. अर्ध्या तासात मला पाणी प्यावंसं वाटलं.

असं का झालं ते कळलं की बाकीची निवड सोपी होते. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती मेंदूला सांगते की आपण हलतोय. बंद खोलीत डोळे सांगतात की भिंती जागच्या जागी आहेत. हा मेळ बसत नाही आणि पोटात ढवळायला लागतं. सगळ्यात त्रासदायक ठरते ती संथ, वर-खाली होणारी हालचाल, साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा या वेगाची. लाटांवर चालणारी बोट नेमकी तशी हलते. आता सी-सॉ डोळ्यासमोर आणा. टोकाला बसलेलं मूल हातभर वर जातं, मधल्या खिळ्यापाशी बसलेलं जवळजवळ हलतच नाही. माझी केबिन त्या सी-सॉच्या टोकाला होती.

तरीही केबिन ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट पाणी. कुठला समुद्र, कुठल्या महिन्यात, आणि किनाऱ्याच्या आडोशाने की उघड्यावर, हे आधी बघा.

भीती फारच असेल तर नदीवरची क्रूझ घ्या. ऱ्हाइन, डॅन्यूब, नाईलवर लक्सर ते अस्वान, या मार्गांवर लाटा अशा नसतातच. एक सांगून ठेवते: कोरड्या उन्हाळ्यात ऱ्हाइन आणि डॅन्यूबचं पाणी उतरलं की कधीकधी मधला टप्पा बसने करावा लागतो, आणि आपल्याला बसचाच त्रास. त्यामुळे तिथे जायचं तर पाणी कमी असण्याचे महिने टाळा.

समुद्रच हवा असेल तर बेटांच्या किंवा डोंगरांच्या आडून जाणारे मार्ग शोधा. अलास्काचा इनसाइड पॅसेज त्यासाठी उत्तम, दोन्ही बाजूंना जमीन असते आणि पाणी बहुतेक वेळा शांत. पण ‘अलास्का क्रूझ’ एवढं वाचून थांबू नका. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघून तिथेच परतणारी बोट बराचसा प्रवास आडोशाने करते. सिएटलहून निघणाऱ्या बऱ्याच बोटी व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. आणि उत्तरेला सेवर्ड किंवा व्हिटियरला संपणाऱ्या सहलीत अलास्काचं उघडं आखात ओलांडावं लागतं. नॉर्वेचंही तसंच. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, आत पाणी आरशासारखं असतं, पण ब्रिटनच्या बंदरातून निघालात तर आधी उत्तर समुद्र पार करावा लागतो. म्हणून मी कुठल्याही सहलीचं नाव वाचत नाही, रेघ बघते. दोन बंदरांमधली रेघ नकाशावर बोटाने गिरवायची आणि बोट जमिनीपासून किती लांब जातं ते बघायचं.

महिनाही तितकाच महत्त्वाचा. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जोर जास्त. वादळाला बोटी वळसा घालतात, पण त्याच्या लाटा फार लांबपर्यंत पोचतात. भूमध्य समुद्र उन्हाळ्यात एकंदर शांत असतो, मात्र ग्रीसच्या बेटांमध्ये जुलै-ऑगस्टला मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा चांगलाच घुमतो, आणि फ्रान्सच्या दक्षिणेला लायनच्या आखातात मिस्ट्राल हिवाळ्यात आणि वसंतात छळतो. बिस्केचा उपसागर, हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक, अंटार्क्टिकाला जाताना लागणारा ड्रेक पॅसेज, ही नावं पहिल्या क्रूझच्या मार्गात दिसली तर सरळ पुढचं पान उघडा.

तीन रात्री की सात, हा तुमचा खरा पेच. लोक सांगतात की दोन-तीन दिवसांत शरीराला सवय होते, आणि बहुतेकांची होतेही. म्हणजे तीन रात्रींच्या सहलीत सवय होईपर्यंत उतरायची वेळ येते. दुसरीकडे, सगळ्यांनाच सवय होते असंही नाही. डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर होता आणि त्याला शेवटपर्यंत बोट लागत राहिली. त्यामुळे पहिल्यांदा सात रात्री बांधून घेऊ नका. माझं मत चार-पाच रात्रींचं: जवळजवळ रोज एक बंदर, प्रवास रात्रीचा, पूर्ण दिवस समुद्रावर जास्तीत जास्त एक, आणि तो पहिला नको. रात्री आडवं झोपलेलं असताना त्रास मुळात कमी होतो, सकाळी उठून पाय जमिनीवर टेकता येतात. तुमच्या तीन रात्रींच्या सहलीत रोज बंदर असेल तर सातापेक्षा मी तीच घेईन.

वेळापत्रकात बंदराच्या नावापुढे ‘टेंडर’ असं लिहिलंय का तेही बघा. तिथे मोठी बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीने किनाऱ्यावर नेतात. ती होडी मोठ्या बोटीपेक्षा कितीतरी जास्त हलते. मला पुढच्या तिन्ही सहलींमध्ये खरी मळमळ झाली ती फक्त टेंडरमध्ये.

आता केबिन. लांबीच्या मध्यावर आणि जमेल तितक्या खालच्या डेकवर. टोकांना वर-खाली होणं जास्त, वरच्या मजल्यांवर डावी-उजवीकडे झुलणं जास्त. ‘कंपनी देईल ती’ हा पर्याय आपल्यासाठी नाही, त्यातून वाचलेले पैसे पुरत नाहीत. डेकचा नकाशा उघडा, केबिनचा नंबर बघून घ्या आणि बुकिंगवर तोच नंबर आलाय याची खात्री करा. खिडकी असावी, कारण क्षितिज दिसलं की डोळे आणि कान एकच गोष्ट सांगू लागतात. बाल्कनी छान, पण बाल्कनीच्या केबिन बहुधा वर असतात. वरची, टोकाची बाल्कनी आणि खालची, मधली साधी खिडकी यात मी डोळे झाकून दुसरी घेईन. मोकळ्या हवेसाठी डेक आहेच.

बोटीबद्दल थोडक्यात. मोठी, लांब बोट कमी हलते. आजकालच्या मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यांनी झुलणं पुष्कळ कमी होतं. पण पुढचं टोक वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही, आणि ते नीट काम करतात ते बोट वेगात असताना. तेव्हा ‘आमच्या बोटीला स्टॅबिलायझर आहेत, काही जाणवणार नाही’ असं एजंट म्हणाला तर ऐकून घ्या आणि मधलीच केबिन मागा. तुम्हाला पूर्वी एखाद्या लहान होडीत त्रास झाला असेल तर त्यावरून मोठ्या बोटीचा अंदाज बांधू नका. ती हालचालच वेगळी असते.

औषधाचं आधी डॉक्टरांशी बोला, विशेषतः काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गरोदरपण किंवा दुसरी औषधं चालू असतील तर. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन, प्रोमेथाझिन या नेहमीच्या गोळ्या. बहुतेकींनी कमी-जास्त झोप येते, आणि दारूबरोबर त्या घ्यायच्या नाहीत. सर्दी-ॲलर्जीवरच्या झोप न आणणाऱ्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत, मी पहिल्या वेळी तीही चूक केली होती. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी तीन दिवस चालते, पण ती निदान चार तास आधी लावावी लागते आणि लावल्यावर हात स्वच्छ धुवावे लागतात. न धुतलेला हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं. वयस्कर माणसांना तिच्याने भ्रम झाल्यासारखं होऊ शकतं. जे काही ठरेल ते घरी, सुट्टीच्या दिवशी एकदा घेऊन बघा, म्हणजे किती झोप येते ते कळेल. आणि गोळी बोट हलायच्या आधी तासभर घ्या. मळमळ सुरू झाल्यावर पोट ती पुढे ढकलतच नाही. आल्याने मला थोडं बरं वाटतं. मळमळ थांबावी म्हणून मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्यांचा भरवसा धरू नका, पण घालायला हरकत नाही.

बोटीवर गेल्यावर पोट रिकामंही ठेवू नका आणि गच्चही भरू नका. हलायला लागलं की फोन आणि पुस्तक खाली ठेवा, उघड्या डेकवर मधोमध उभ्या राहा आणि लांब क्षितिजाकडे बघा. तेवढं उभं राहवत नसेल तर पाठीवर आडव्या व्हा, डोळे मिटा. फारच झालं तर लाजून खोलीत पडून राहू नका, बोटीवर डॉक्टर असतात आणि इंजेक्शनही मिळतं. त्याचा खर्च वेगळा लागतो, म्हणून विम्यात ते बसतं का हे निघायच्या आधी विचारून ठेवा.

उतरल्यावर एखाद-दोन दिवस अंघोळ करताना जमीन हलल्यासारखी वाटेल. मला प्रत्येक वेळी वाटतं, डोळे मिटून डोक्यावर पाणी घेतलं की जास्तच. ते आपोआप जातं. आठवडे लोटूनही राहिलं तरच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही सहलींचे मार्ग, महिना आणि देऊ केलेल्या केबिनचे नंबर इथे लिहिलेत तर मी नकाशा बघून सांगते.