कर्जाचा कागद आधी घरच्यांना दाखव

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पगार झाल्यावर आठवड्याभरातच खाते रिकामे होते, अनोळखी क्रमांकावरून फोन आला की छातीत धस्स होते, रात्र रात्र झोप लागत नाही आणि घरी यातले काहीही ठाऊक नाही, असे तू लिहिले आहेस. यांपैकी शेवटची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. माझी सारी नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. त्या काळात कर्जापायी मोडलेली घरे मी पाहिली, तशीच त्याहून मोठ्या कर्जातून सावरलेलीही पाहिली. फरक बहुतेक वेळा रकमेत नसे. सावरलेल्या घरात कर्जाचा आकडा सर्वांना माहीत असे. लपवलेले कर्ज भागवण्यासाठी माणूस गुपचूप मिळेल तेच पुढचे कर्ज काढतो, आणि जामीनदार, तारण, चौकशी यांवाचून झटपट मिळणारे कर्ज सहसा सर्वांत महाग असते. तुझ्या बाबतीत क्रेडिट कार्डानंतर मोबाइल ॲपवरचे कर्ज आले, ते याच वाटेने.

म्हणून पहिले काम हे की एक कोरा कागद घे आणि त्यावर प्रत्येक देणे मांड: कोणाचे, आज मुद्दल किती बाकी, व्याजाचा दर काय, हप्ता किती व कोणत्या तारखेला, तारण काही आहे का. मित्राकडून घेतलेले हातउसने पैसे आणि किराणा दुकानातली उधारीसुद्धा त्यात आली पाहिजे.

हा कागद प्रथम तुझ्या पत्नीला दाखव. तिला तुझा पगार माहीत आहे, हप्ते माहीत नाहीत. त्यामुळे घरात पैसे आहेत असे समजूनच ती महिन्याचे सामान भरते, मुलाच्या शिकवणीचे ठरवते, नणंदेच्या घरच्या कार्यासाठी आहेराची यादी करते, आणि तेलाच्या डब्यावरून तू तिच्यावर का चिडलास हे तिला कळत नाही. पाहुणे असताना किंवा जेवणाच्या पानावर हा विषय काढू नकोस. सुटीच्या दिवशी निवांत बसून, काहीही हातचे न राखता, पूर्ण आकडा एकदाच सांग. थोडे आज आणि थोडे पुढच्या महिन्यात असे कळत गेले, तर रकमेपेक्षा विश्वास तुटल्याचेच दुःख तिला अधिक होईल. ती रागावेल, आणि तो तिचा हक्क आहे. वडिलांनाही नंतर सांगावे लागेलच, कारण धाकट्या बहिणीच्या लग्नाचा खर्च तूच उचलणार असे ते धरून चालले आहेत. ऋण काढून सण करण्याची आपल्याकडची रीत बहुधा अशाच न बोललेल्या गृहीतकांवर टिकून राहते.

आता कार्डाविषयी, कारण तुझा खरा घात तेथे होतो आहे. समज, एक लाख रुपयांची थकबाकी आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०. तू किमान देय रक्कम म्हणून ५,००० भरलेस, तर मुद्दलातून केवळ ८७० रुपये उतरले. शिवाय पूर्ण बिल भरलेले नसल्यामुळे नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. या गतीने ते कर्ज लवकर फिटणार नाही. कार्ड वापरणे आजच थांबव आणि ती थकबाकी कमी दराच्या कर्जात वळव. तुझ्या कंपनीत कर्मचाऱ्यांची पतपेढी असेल तर तेथे, किंवा मुदत ठेवीवर. सोनेतारण हाही मार्ग आहे, मात्र दागिने पत्नीचे असतील तर निर्णयही तिचाच. ॲपचे कर्ज त्याच वेळी फेडून टाक.

वसुलीच्या धमक्यांना घाबरून चुकीच्या ठिकाणी पैसे भरू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करणे चालत नाही, नातेवाइकांसमोर मानहानी करणेही चालत नाही. २०२२ पासून ॲपच्या कर्जासाठीही नियम आहेत: रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा झाली पाहिजे, एकूण वार्षिक खर्चाचे पत्रक करारापूर्वी मिळाले पाहिजे आणि ॲपने फोनमधील संपर्क यादी उघडता कामा नये. बँकेकडे लेखी तक्रार कर; तीस दिवसांत उत्तर आले नाही तर ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याची माहिती १४४४८ वर मिळते. छायाचित्रे बदलून बदनामीची धमकी आली तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर कळव आणि पोलिसांत जा. परवाना नसलेल्या सावकाराकडे मात्र वळू नकोस. तो व्यवसाय महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

घरखर्चात काटकसर करताना चहा आणि भाजीपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. त्यातून वाचते थोडे आणि कुरबुर मात्र रोज होते. घरभाडे, मोटरसायकलचा हप्ता, फोन आणि टीव्हीचे विनाव्याज म्हणून घेतलेले हप्ते, लग्नाचा खर्च हे मोठे आकडे आधी पाहा. कर्ज फेडत असतानाही महिन्याभराच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात हळूहळू साठव, नाहीतर घरातले पहिले आजारपण तुला पुन्हा कार्डाकडे नेईल. वर्षाला ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा आणि २० रुपयांचा अपघाती सुरक्षा विमा बँकेतूनच घेता येतो; कमावता तू एकटा असताना तो नसणे बरे नाही.

आणखी एक, आणि हे मी फार काळजीने लिहितो आहे. रात्री नको ते विचार येतात, असे तू एका ओळीत लिहून पुढे गेला आहेस. तसे पुन्हा झाले तर सकाळची वाट न पाहता पत्नीला उठव, मला फोन कर, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर बोल; तेथे चोवीस तास, मराठीतही, समुपदेशक भेटतात. हे आधी, हप्त्यांचे नंतर.

कागद तयार झाला की त्याची एक प्रत आणि कार्डाची गेल्या तीन महिन्यांची बिले घेऊन दोघेही माझ्याकडे या. कोणते कर्ज आधी फेडायचे आणि पतपेढीत किती रकमेचा अर्ज करायचा, हे आपण एकत्र बसून ठरवू. बहिणीच्या लग्नाविषयी वडिलांशी बोलताना मी सोबत असावे असे वाटले, तर तसे कळव, मी येईन.

तुझा शुभचिंतक