चार खोल्यांत 'साडेसात माणसं' म्हणजे काय?

इंग्लंडमधल्या एका गावाच्या आरोग्याधिकाऱ्याच्या १९३७ च्या अहवालात चार खोल्यांच्या घरापुढे ७½ हा आकडा का, नऊ जण राहणारं घर 'दाटीचं नाही' असं कसं, आणि त्यातला 'उपद्रवी धंद्यां'चा तक्ता काय, हे तुम्ही विचारलंय. ती छपाईची चूक नाही. १९३५ च्या हाउसिंग ॲक्टची, म्हणजे घरांविषयीच्या कायद्याची, दाटी ठरवायची मोजणीच तशी आहे. १९३६ च्या एकत्रित कायद्यातही तीच आली.

वर्षाच्या आतलं मूल मोजायचं नाही. एक ते दहा वर्षांचं अर्धं, दहा पूर्ण झाली की अख्खं माणूस.

घर मात्र दोनदा मोजायचं. आधी खोल्यांवरून: एका खोलीला २ माणसं, दोनला ३, तीनला ५, चारला साडेसात, पाचला १०, पुढच्या प्रत्येक खोलीला आणखी २. मग प्रत्येक खोलीच्या क्षेत्रफळाची बेरीज करून: खोली ११० चौरस फूट किंवा जास्त असेल तर २, ९० ते ११० ला दीड, ७० ते ९० ला १, ५० ते ७० ला अर्धा. पन्नासच्या आतली खोली दोन्हीकडे बाद. यातला लहान आकडा तो खरा, म्हणजे घराचा परवानगीचा आकडा. बहुतेक जण पहिलाच तक्ता बघून थांबतात आणि फसतात.

समजा खाली १४० आणि १२० चौरस फुटांच्या खोल्या, वर १०० आणि ६० च्या. खोल्यांवरून साडेसात, पण क्षेत्रफळावरून २ + २ + दीड + अर्धा = ६. आता नवरा-बायको, आजी, १२, ९, ७, ५ आणि ३ वर्षांची पाच मुलं, शिवाय दहा महिन्यांचं बाळ. डोकी नऊ, हिशेब बरोबर ६. कायद्याने दाटी नाही! कारण बैठकीची खोलीही झोपण्याची म्हणून धरलेली. (आपल्या चाळीतली एकच खोली, कितीही ऐसपैस असो, या हिशेबाने दोघांची.)

वर्षभराने नऊचं मूल दहाचं, बाळ एकाचं. बेरीज ७, घर दाटीचं. तरी भाडेकरू लगेच गुन्हेगार ठरत नाही: मुलांच्या वयामुळेच दाटी झाली असेल, त्याने नगरपालिकेकडे दुसऱ्या घरासाठी अर्ज केला असेल आणि बाहेरचं कुणी राहायला आणलं नसेल, तर योग्य घर देऊ केलेलं नाकारेपर्यंत सूट. म्हणून दाटीची घरं आणि खटले यांचे आकडे जुळत नाहीत.

स्त्री-पुरुषांचा नियम वेगळा. दहा वर्षांवरच्या, पती-पत्नी म्हणून न राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना एकाच खोलीत झोपावं लागत असेल, तर आकडा बसूनही घर दाटीचंच.

१९३६ च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधली कामगारांची फक्त ३.८ टक्के घरं दाटीची निघाली, ती इतक्या सैल मापामुळे. ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंड शहरात मात्र २० टक्क्यांवर.

त्याच अहवालातला 'उपद्रवी धंद्यां'चा तक्ता सोपा आहे: हाडं उकळणं, चरबी वितळवणं, आतडी खरवडणं, चिंध्या-हाडांचा व्यापार वगैरे. नवीन सुरू करायला स्थानिक संस्थेची संमती लागे.

घराचं जुनं भाडेपुस्तक हाती लागलं तर आधी ते उघडा. परवानगीचा आकडा त्यात लिहिणं बंधनकारक होतं, त्यामुळे खोल्या मोजत बसावं लागणार नाही.