कोपऱ्यावरच्या ‘इंडियन’मध्ये आईबाबांना न्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडात डर्बीला येऊन चार महिने झाले. घरापासून पाच मिनिटांवर एक ‘इंडियन’, म्हणजे इथलं करी रेस्टॉरंट आहे, तिथं एकदा जाऊन आलात. तीन वेगवेगळ्या करी मागवल्या आणि तिन्ही एकाच पातेल्यातून काढल्यासारख्या लागल्या, वर गोडसर. आता पुण्याहून आईबाबा येताहेत. आई पक्क्या शाकाहारी, बाबांना चिकन-मासे चालतात. तिथं न्यावं का, नेलंच तर काय मागवावं आणि बिलात आपोआप येणाऱ्या सर्व्हिस चार्जचं काय करायचं?

न्या. पण आधी तुमची तक्रार निकालात काढतो. तिन्ही करी एकाच पातेल्यातल्या लागल्या, कारण त्या एकाच पातेल्यातल्या होत्या.

मी 2004 साली कॉव्हेंट्रीत आलो तेव्हा पहिली पाच वर्षं अशाच एका रेस्टॉरंटच्या डोक्यावर राहिलो. रोज दुपारी तीनच्या सुमाराला खालून कांदा शिजल्याचा वास यायचा. परतल्याचा नव्हे, शिजल्याचा. घरी कांदा तेलात पडला की भूक चाळवते. हा वास निराळाच, ओलसर, गोडूस, ऑफिसच्या कोटाला चिकटून बसणारा. पुढे मालकांशी ओळख वाढली आणि स्वयंपाकघरात डोकवायला मिळालं. भल्यामोठ्या पातेल्यात पोत्यानं कांदे, थोडं गाजर, ढोबळी मिरची, टोमॅटो, आलं-लसूण, हळद, सढळ हातानं तेल, आणि पाणी. तास-दोन तास शिजवून सगळं गुळगुळीत घोटायचं. ही ‘बेस ग्रेव्ही’. चिकन, मटण आधीच उकडून बाजूला. धणे-जिरे-हळद-करी पावडर यांचं मिश्रण एका डब्यात, त्याचं नाव ‘मिक्स पावडर’. संध्याकाळी दार उघडलं की पातळ ॲल्युमिनियमच्या पॅनमध्ये तेल, आलं-लसूण, चमचाभर पावडर, टोमॅटो प्युरी, पळीभर-दोन पळ्या ग्रेव्ही, मांसाचे तुकडे आणि खाली घरभर होईल एवढा जाळ. सहा-सात मिनिटांत करी तयार. मलई, साखर, नारळाची पूड पडली की कोर्मा. तिखट वाढवून लिंबू पिळलं की मद्रास. शिजवलेली मसूर डाळ घातली की धनसाक.

यात फसवणूक काही नाही. शनिवारी रात्री ऐंशी गिऱ्हाईकं, आत तीन आचारी आणि साठ पदार्थांचा मेनू, हे दुसऱ्या कुठल्या रीतीनं जमणार? आपल्या हायवेवरच्या हॉटेलात ‘व्हेज कोल्हापुरी’, ‘व्हेज मराठा’ आणि ‘व्हेज जयपुरी’ कुठल्या वेगळ्या चुलीवर शिजतात? तिथंही लाल, पांढरी, पिवळी अशा ग्रेव्ह्या तयारच असतात. इथं एकीवर भागवतात, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट. पाटीवर ‘इंडियन’ असलं तरी आत बहुतेकदा सिल्हेटची माणसं असतात. फाळणीआधी सिल्हेट आसामात होतं, 1947 नंतर पूर्व पाकिस्तानात आणि 1971 पासून बांगलादेशात. तिथले खलाशी ब्रिटिश जहाजांच्या बॉयलरखोल्यांत कोळसा ओढायचे. त्यातले काही लंडनला उतरून राहिले, आधी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबले, मग स्वतःचे कॅफे काढले, गावाकडून भाऊ-भाचे बोलावले. इंग्लंडात हिंदुस्थानी जेवण त्याआधीही मिळायचं. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदनं 1810 मध्ये लंडनला ‘हिंदुस्थानी कॉफी हाउस’ काढलं होतं, दोनच वर्षांत त्याचं दिवाळं निघालं. 1926 पासूनचं रीजंट स्ट्रीटवरचं ‘वीरास्वामी’ तर साहेबलोकांचं. पण गल्लीतल्या कामगाराला, पब बंद झाल्यावर भूक लागलेल्याला करी खायला लावली ती सिल्हेटींनी. त्याच्या जिभेला झेपेल, बिअरबरोबर जाईल आणि खिशाला परवडेल, अशी. तो गोडसरपणा तिथून आला. 2001 मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटलं तेव्हा आपली मंडळी हसली. मला ते अगदी बरोबर वाटतं. हे ब्रिटिशांचंच जेवण आहे, आपण तिथं पाहुणे.

म्हणूनच मेनूवरची नावं आपल्या कानांनी वाचू नयेत. इथं मद्रास, विंडालू, फाल ही नावं म्हणजे तिखटाच्या पायऱ्या. ‘मद्रास’ नावाची करी चेन्नईत कुणाला माहीत नाही. विंडालू मूळ आपल्या गोव्याचं: डुकराचं मांस, लसूण, सुक्या मिरच्या आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर. नावही पोर्तुगीज, अर्थ वाइन आणि लसूण. सिल्हेटी मुसलमानाच्या स्वयंपाकघरात डुक्कर शिजणार नाही हे उघड आहे, तेव्हा इथं ते चिकन किंवा मटण. व्हिनेगर चवीपुरतंही असेल-नसेल, पण नावातल्या ‘आलू’ला जागून बटाट्याची एक फोड मात्र हमखास! मडगावच्या माणसाला हे वाढू नका, मैत्री तुटेल. धनसाकचंही तेच. पारशी घरात ते डाळ, भाज्या आणि मटण एकत्र शिजवून, तपकिरी भाताबरोबर रविवारी निवांत खायचं. माणूस गेल्यावर चौथ्या दिवशी सुतक सोडताना करतात, त्यामुळे शुभकार्याला करत नाहीत. इथलं धनसाक आंबट-गोड, कधी त्यात डब्यातला अननस. बाबांनी पुण्याच्या कॅम्पात किंवा मुंबईत खरं धनसाक खाल्लं असेल तर आधीच सांगून ठेवा.

आणि ‘पेशवारी नान’. माझे सासरे आले होते तेव्हा मेनू वाचून त्यांचा ऊर भरून आला होता. शनिवारवाड्याचा नानाशी काहीही संबंध नाही, ते पेशावर आहे. आत खोबरं, बदाम, मनुका भरलेल्या असतात. मटणाच्या रश्शाशी खाल्लं तर विचित्र लागतं, शेवटी चहाबरोबर पुरणपोळीची हौस म्हणून खाल्लं तर बरं लागतं. चहा मात्र घरी येऊन प्या.

आता काय मागवावं. माझा एकच ठोकताळा आहे: ज्याला ग्रेव्ही कमी लागते ते मागवा. तंदूरमधलं सगळं जमेत धरा, म्हणजे चिकन टिक्का, लॅम्ब चॉप्स, शीक कबाब. भट्टी पेटलेली असते, मांस रात्रभर दह्या-मसाल्यात मुरलेलं असतं, तिथं बेस ग्रेव्हीचा हात पोचत नाही. करी हवीच असेल तर भुना किंवा जालफ्रेझी. भुन्यात रस आटवून मसाला तुकड्यांना चिकटवतात, जालफ्रेझीत हिरव्या मिरच्या, कांदा, ढोबळी मिरची मोठ्या आचेवर ताजी परततात. तुम्ही मागवलेल्या तीनमध्ये कोर्मा, पसंदा आणि टिक्का मसाला होते. अहो, मलई-साखरेचे तिघे सख्खे भाऊ एका टेबलावर बसवलेत, मग गोड लागणारच! एक घ्यायचा, तोही बरोबर लहान मूल असेल तर.

सुरुवातीला पापड आणि चटण्यांचा ट्रे येतो. तो फुकट असतो असं समजू नका, बहुतेक ठिकाणी माणशी पैसे लावतात. लिंबाचं लोणचं बाबांना आवडेल. ‘ओनियन भाजी’ म्हणजे आपली भाजी नव्हे, कांदाभजी. पण आकार क्रिकेटच्या चेंडूचा. खेकडा भज्यांचा कुरकुरीतपणा मनात धरून गेलात तर मन मोडेल. आत पीठ कच्चं राहिलं नाही ना, ते पहिला घास घेण्याआधी मोडून बघा.

आईंसाठी साइड डिशचं पान उघडा, मुख्य पदार्थांचं नको. ‘व्हेजिटेबल कोर्मा’, ‘व्हेजिटेबल मद्रास’ म्हणजे फ्रोझन वाटाणा-गाजर ग्रेव्हीत. त्याऐवजी तडका डाळ घ्या, मेनूवर ‘तारका’ लिहिलेलं असतं. मसुराची, वरून लसणाची खरपूस फोडणी, घरच्या वरणाच्या जवळ जाणारी हीच एक गोष्ट. भेंडी, वांग्याची ‘ब्रिंजल भाजी’, पालक-बटाटा हेही कोरडं परतून मिळतं. ‘बॉम्बे आलू’ मुंबईकराला अनोळखी, पण चपातीबरोबर चालून जातं. दोन-तीन साइड डिश, साधा भात, चपाती, झालं जेवण. दोन प्रश्न मात्र आधीच विचारा: ग्रेव्हीत मटणाचं किंवा चिकनचं पाणी घालता का, आणि नानच्या पिठात अंडं आहे का. काही ठिकाणी दोन्ही असतं. समोसा आणि भजी बऱ्याचदा मांसाचे पदार्थ तळलेल्याच तेलात तळतात, तेही आईंना चालणार आहे का, ते तुम्ही जाणता.

घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हे गमतीनं घेऊ नका. मलईच्या करीत बदामपूड घालायची असते, आणि स्वस्त म्हणून तिच्याजागी शेंगदाण्याचं मिश्रण वापरल्यामुळे उत्तर यॉर्कशायरमध्ये एका गिऱ्हाइकाचा जीव गेला, 2016 मध्ये मालकाला तुरुंगवास झाला. कायद्यानं 14 ॲलर्जन्सची माहिती द्यावीच लागते, तेव्हा विचारायला लाजू नका. दारावरचा स्वच्छतेचा आकडाही बघा, 0 ते 5 असतो. वेल्समध्ये तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडात नाही. म्हणून दार कोरं दिसलं तर घरी बसून फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर शोधा. चारच्या खाली मी जात नाही.

आता खरी युक्ती, जी मला उशिरा कळली. मी दोन वर्षं वरच्या मजल्यावर राहून खाली लॅम्ब भुना खात होतो. एका मंगळवारी रात्री अकराच्या पुढे खाली गेलो तर सगळे वेटर, आचारी मागच्या टेबलावर जेवत होते. मेनूत नसलेलं काहीतरी. ‘बसो ना भाई’ म्हणाले. हाडासकट मटण, पातळ रस्सा, आणि त्यात सालासकट एका कडवट लिंबाच्या फोडी. ते सातकरा, सिल्हेटकडचं लिंबू. पहिला घास कडू, दुसरा सुगंधी, तिसऱ्याला मी भात मागून घेतला. बेस ग्रेव्हीचा मागमूस नव्हता. याला ते ‘स्टाफ करी’ म्हणतात. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी शिजते, गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, कारण हाडं आणि काटे बघून गोरा माणूस बिचकतो.

तेव्हा शुक्रवार-शनिवार टाळा, मंगळवार-बुधवारी जा. वेटरशी हिंदीत बोला, बहुतेकांना ती समजते. दोनदा जाऊन ओळख झाली की आदल्या दिवशी फोन करून विचारा, ‘भाई, आपके घर जैसा मच्छी बनेगा?’ रोहू बहुतेकदा मिळतो, मोहरीच्या तेलाचा वास असलेला. बाबा मासे खातात म्हणताय, मग हे त्यांना खिलवाच. काही मालक नाही म्हणतील, तेवढा नकार पचवायचा.

एवढं करूनही आईंचं मन भरलं नाही तर लेस्टर तुमच्यापासून ट्रेननं अर्ध्या तासावर आहे. 1972 मध्ये इदी अमीननं युगांडातून हाकललेले गुजराती तिथं मोठ्या संख्येनं वसले, त्यामुळे बेलग्रेव्ह रोडवर शाकाहाराची चंगळ आहे. बर्मिंगहॅमची बाल्टी बाबांसाठी. स्पार्कब्रुक-स्पार्कहिल भागात पाकिस्तानी, काश्मिरी लोकांनी 1970 च्या दशकात सुरू केलेला प्रकार, पातळ पत्र्याच्या ज्या कढईत शिजतो त्याच कढईत समोर येतो, नान मोडून खायचा. मराठी चव मात्र यांतल्या कुठल्याच ठिकाणी शोधू नका. तिच्यासाठी लंडनच्या फेरीत हौन्स्लोचा श्रीकृष्ण वडापाव ठेवा.

राहिलं बिल. सर्व्हिस चार्ज ‘डिस्क्रिशनरी’, म्हणजे ऐच्छिक, लिहिलेला असेल तर तो काढायला सांगता येतो, कुणी वाद घालत नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून टिप आणि सर्व्हिस चार्ज पूर्ण कामगारांना देणं मालकावर बंधनकारक आहे, म्हणून सेवा बरी असेल तर मी राहू देतो. छोट्या ‘इंडियन’मध्ये हा चार्ज नसतोच बऱ्याचदा, तिथं दहा टक्के रोख वेटरच्या हातात ठेवा. पाणी मागताना नुसतं ‘वॉटर’ म्हणालात तर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. ‘टॅप वॉटर’ म्हणा. दारूचा परवाना असलेल्या जागी ते फुकट द्यावंच लागतं. आईंना बर्फ नको असेल तर तेही आधीच सांगा, नाहीतर अर्धा ग्लास बर्फच येतो.